जुन्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स: पहिल्या तपासणीपासून रोजच्या वापरापर्यंत

हलका डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती, टाकला की जुना लॅपटॉप पळायला लागतो, हे अर्धंच खरं आहे. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा डेस्कटॉप सुरू होऊन स्थिरावला की साधारण ५०० ते ८०० एमबी रॅम घेतो. ब्राउझरमधल्या दहा-बारा टॅब मात्र सहज दोन जीबीच्या पुढे जातात. त्यामुळे लॅपटॉप रोज कसा चालेल हे तीन गोष्टींवर ठरतं: डिस्क कोणती आहे, रॅम किती आहे आणि ब्राउझर कसा वापरता. डिस्ट्रोचा नंबर त्यानंतर लागतो. हे आधीच लक्षात घेतलं तर आज हा डिस्ट्रो, उद्या तो, असं करण्यात दिवस जात नाहीत.

या लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा देण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या. पायऱ्या लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीप्रमाणे आहेत. लुबंटू या दुसऱ्या डिस्ट्रोमध्ये मेनूंची नावं थोडी बदलतात, आज्ञा बहुतेक त्याच राहतात.

आधी यंत्र बघा

लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करा. हार्ड डिस्कचं डोकं तबकडीवर जागा शोधत फिरतं. सिस्टीम सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचल्या जातात आणि दर फाइलीला हा शोध नव्याने करावा लागतो. एसएसडीत फिरणारा भागच नसल्यामुळे हा वेळ जवळजवळ संपतो. बहुतेक जुन्या लॅपटॉपना २.५ इंची साटा एसएसडी लागते आणि ७ मिमी जाडीची त्यातल्या बहुतेकांत बसते. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र ईएमएमसी प्रकारची साठवण बोर्डवरच डाखलेली असते. ती बदलता येत नाही.

रॅम ४ जीबी असेल तर नेटवरची कामं, लेखन आणि व्हिडिओ नीट होतात. २ जीबीवर शिस्त पाळावी लागते. ८ जीबी असेल तर खाली मेमरीबद्दल जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही. रॅम वाढवणार असाल तर जुन्या पट्टीवरचं लेबल वाचून मगच नवी घ्या. डीडीआर३ आणि डीडीआर३एल या पट्ट्या दिसायला सारख्या असतात, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ वर. काही लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टची पट्टी घेतात. त्यात डीडीआर३ बसवली तर पडदा काळाच राहतो आणि माणसाला वाटतं बोर्ड गेला.

प्रोसेसर ६४-बिट आहे ना, हेही बघून घ्या. ३२-बिट यंत्रांसाठी आता फारसे पर्याय उरलेले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद झाला आहे आणि गूगल क्रोमने ३२-बिट लिनक्सची साथ २०१६ सालीच सोडली.

कोणता डिस्ट्रो

४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंट एक्सएफसीई घ्या आणि शोध थांबवा. मिंट २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. ड्रायव्हर, अपडेट, परतीचा बिंदू (काही बिघडलं तर सिस्टीम मागच्या स्थितीत नेणारी प्रत) या सगळ्यासाठी त्यात साधे पडदे तयार आहेत. नवख्या माणसाला त्याचाच सर्वांत जास्त आधार होतो.

रॅम २ ते ४ जीबीच्या मधे असेल तर लुबंटू किंवा एमएक्स लिनक्सची फ्लक्सबॉक्स आवृत्ती बघा. त्याहूनही कमी असेल तर अँटिएक्स. तो खरोखर किमान साधनांत चालतो, पण त्याचे मेनू आणि सेटिंग शिकायला वेळ द्यावा लागतो. दोन हलक्या डिस्ट्रोंमधला रॅमचा फरक बहुतेक वेळा १०० ते ३०० एमबी असतो, म्हणजे ब्राउझरची एखाद-दुसरी टॅब. तेवढ्यासाठी सोय सोडू नका.

पेनड्राइव्ह तयार करणं

१. डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा, पूर्ण सिस्टीम या एकाच फाइलीत असते. मिंटची सुमारे ३ जीबी असते, त्यामुळे ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरेसा आहे. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, हे ध्यानात ठेवा.

२. फाइल नीट उतरली का ते तपासा. संकेतस्थळावर एसएचए२५६ नावाची ६४ अक्षरांची ओळ दिलेली असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’, मग फाइलचं नाव, मग ‘एसएचए२५६’ असं दिलं की तुमच्या फाइलची ओळ मिळते. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग इन्स्टॉल अर्ध्यावर अडकलं की डिस्कला दोष देतात. कित्येकदा मूळ फाइलच अर्धवट उतरलेली असते.

३. रूफस किंवा बलेनाएचर वापरून आयएसओ पेनड्राइव्हवर लिहा. फाइल नुसती कॉपी करून पेनड्राइव्ह बूट होत नाही. रूफसने लिहिलेला पेनड्राइव्ह सुरू झाला नाही तर तोच पुन्हा लिहा आणि या वेळी रूफस विचारेल तेव्हा डीडी पद्धत निवडा.

४. तुमची कागदपत्रं आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-चार फाइली तिथूनच उघडून बघा.

टाकण्याआधी चालवून बघा

लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ वारंवार दाबा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप किंवा एफ८. एसरवर एफ१२ चालते, पण ती आधी बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू करावी लागू शकते. एसरचं बायॉस एफ२ ने उघडतं. पेनड्राइव्ह निवडला की डिस्कला हात न लावता पूर्ण सिस्टीम सुरू होते. ती संथ वाटेल, कारण सगळं पेनड्राइव्हवरून वाचलं जातंय. इथे वेग जोखू नका, जोडलेल्या वस्तू चालतात का तेवढं बघा: वाय-फाय, स्पीकर, हेडफोन, कॅमेरा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा, टचपॅड. शेवटी झाकण बंद करून दोन मिनिटांनी उघडा. लॅपटॉप जागा व्हायला हवा.

टचपॅडवर बोट टेकवून क्लिक होत नसेल तर बिघाड समजू नका. माउस आणि टचपॅडच्या सेटिंगमध्ये टॅप-टू-क्लिकचा पर्याय बंद असेल, तो चालू करा.

वाय-फाय दिसत नसेल तर बऱ्याचदा ब्रॉडकॉमची चिप निघते. तिचा ड्रायव्हर इंटरनेटवरून आणावा लागतो आणि इंटरनेट तर त्याच चिपवर अवलंबून! अशा वेळी फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो केबलचा इंटरनेट म्हणून लगेच दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून सुचवलेला ड्रायव्हर टाका.

आणखी एक हमखास अडचण म्हणजे इन्स्टॉलरला डिस्कच न दिसणं. बायॉसमध्ये साटाची पद्धत ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’ अशी लावलेली असेल तर असं होतं. ती ‘एएचसीआय’ करा. फक्त एक सावधगिरी हवी: विंडोज ठेवायचं असेल तर ही पद्धत अचानक बदलल्यावर विंडोज सुरू होत नाही, आधी त्याला सेफ मोडमधून सुरू व्हायला लावावं लागतं. पूर्ण डिस्क पुसणार असाल तर बिनधास्त बदला.

इन्स्टॉल करताना

फक्त लिनक्स ठेवायचं असेल तर ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडला की इन्स्टॉलर बाकीचं बघतो. मल्टिमीडिया कोडेकच्या (व्हिडिओ-आवाज उलगडणाऱ्या साधनांच्या) चौकटीत खूण करायला विसरू नका, नाहीतर काही व्हिडिओ नंतर चालत नाहीत.

विंडोजही ठेवायचं असेल तर तीन कामं विंडोजमध्येच आधी उरका. पहिलं, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि तो बंद करा. दुसरं, पॉवरच्या सेटिंगमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्याचं पार्टिशन फक्त वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही. तिसरं, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करा. मिंटची किमान गरज २० जीबीची आहे, पण तेवढ्यात सहा महिन्यांत घुसमट होते. ५० जीबी द्या.

दोन्ही सिस्टीम असल्या की घड्याळ तासांनी मागे-पुढे दिसतं. लॅपटॉपच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजतं आणि लिनक्स जागतिक. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा एकदा दिली की दोघांचं जुळतं.

सिक्युअर बूट (खात्रीची सिस्टीमच सुरू होऊ देणारं बायॉसमधलं सेटिंग) चालू ठेवूनही मिंट चालतं. मात्र ब्रॉडकॉम किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या वेळी सुरू करताना निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं तर ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही, आणि कारण सापडत नाही.

पहिल्या तासात

अपडेट मॅनेजर उघडून सगळी अपडेट घ्या, लॅपटॉप पुन्हा सुरू करा. मग टाइमशिफ्ट उघडा, आरसिंक पद्धत निवडा आणि एक परतीचा बिंदू तयार करा. दर आठवड्याला एक घेतला जाईल आणि दोनच ठेवले जातील असं लावा, कारण पहिल्यालाच बरीच जागा लागते. टाइमशिफ्ट फक्त सिस्टीम जपतं. तुमच्या फाइली त्यात येत नाहीत, त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवा.

नवं सॉफ्टवेअर घेताना एकाच कार्यक्रमाचे दोन प्रकार दिसतात, सिस्टीम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. पहिलं फ्लॅटपॅक घेताना त्याच्याबरोबर पायाभूत संच उतरतो आणि तो काहीशे एमबीपासून एक जीबीच्या पुढेही जातो. डिस्क लहान असेल तर शक्य तिथे सिस्टीम पॅकेजच निवडा.

मेमरी: रोजचा अनुभव इथे ठरतो

टर्मिनल उघडा आणि ‘फ्री -एच’ टाइप करा. ४ जीबीच्या लॅपटॉपवर काहीसे असे आकडे दिसतील: एकूण ३.७ जीबी, वापरात २.२, मोकळी १८० एमबी, उपलब्ध १.५ जीबी. नवा माणूस ‘फ्री’ खालचे १८० एमबी बघून धसका घेतो. तो रकाना सोडून द्या. रिकामी पडलेली रॅम लिनक्स नुकत्याच वाचलेल्या फाइली साठवायला वापरतं आणि गरज पडली की क्षणात सोडतं. बघायचा रकाना शेवटचा, ‘अव्हेलेबल’. तो ३००-४०० एमबीच्या खाली आला की लॅपटॉप अडखळायला लागणार. एकूण आकडा ४ ऐवजी ३.७ दिसतो तो काही भाग ग्राफिक्ससाठी राखलेला असतो म्हणून.

रॅम संपली की सिस्टीम डिस्कवरच्या स्वॅपमध्ये माल टाकायला लागते. हार्ड डिस्कवर याचा अर्थ माउससुद्धा हलत नाही. यावर उपाय झेडरॅम. रॅमचाच एक भाग दाबून भरलेल्या स्वॅपसारखा वापरला जातो, आणि दाबल्यावर मजकूर बहुधा निम्म्याहून कमी जागेत मावतो. दाबण्या-उलगडण्यात प्रोसेसरची थोडी ताकद जाते, पण डिस्कची वाट बघण्यापेक्षा ते कितीतरी जलद.

१. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल झेडरॅम-टूल्स’ ही आज्ञा द्या. सुडो म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं.

२. ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट या फोल्डरात ‘झेडरॅमस्वॅप’ नावाची फाइल आहे. ती सुडो देऊन नॅनो एडिटरमध्ये उघडा. ‘अल्गो’ पुढे झेडएसटीडी आणि ‘पर्सेंट’ पुढे ५० लिहा. दोन्ही ओळींच्या सुरुवातीची # खूण काढायलाच हवी, ती राहिली तर ओळ वाचलीच जात नाही. प्रोसेसर फारच जुना असेल तर झेडएसटीडीऐवजी एलझेड४ लिहा. तो कमी दाबतो पण हलका आहे.

३. लॅपटॉप पुन्हा सुरू करून ‘झेडरॅमसीटीएल’ टाइप करा. एक ओळ दिसली की काम झालं.

डिस्कवरची जुनी स्वॅप फाइल काढू नका. झेडरॅमला वरचा क्रम मिळतो, डिस्कवरचा स्वॅप मागे आधाराला राहतो.

जोडीला ‘अर्लीऊम’ हे छोटं पॅकेज टाका. उपलब्ध रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की ते सर्वांत जड कार्यक्रम बंद करतं. बहुधा ती ब्राउझरची एखादी टॅब असते. एक टॅब गेलेली परवडते. बटण दाबून लॅपटॉप बंद करावा लागला तर न साठवलेलं सगळं जातं.

आता ब्राउझर. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका. जाहिराती अडल्या की रॅम आणि प्रोसेसर दोन्हींवरचा भार उतरतो. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:प्रोसेसेस’ लिहिलं की कोणती टॅब किती खाते ते दिसतं. फायरफॉक्स १४० पासून टॅबवर उजवी क्लिक करून ‘अनलोड’ करता येते: टॅब जागेवर राहते, रॅम मोकळी होते.

यूट्यूबवर पंखा जोरात फिरतो आणि चित्र अडखळतं, याचं कारण बहुधा व्हिडिओच्या कोडेकमध्ये असतं. यूट्यूब शक्य तिथे व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये व्हिडिओ पाठवतं. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये व्हीपी९ पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून आहे, एव्ही१ ची अकराव्यापासून. त्याआधीच्या यंत्रात सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. ‘एच२६४इफाय’ हे एक्सटेन्शन यूट्यूबला एच.२६४ पाठवायला लावतं आणि तो कोडेक जुनी चिपही हार्डवेअरवर उलगडते. त्यासाठी व्हीएएपीआयचा, म्हणजे व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडण्याच्या सोयीचा, ड्रायव्हर हवा. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढे ‘इंटेल-मीडिया-व्हीए-ड्रायव्हर’, त्याआधी ‘आय९६५-व्हीए-ड्रायव्हर’. ‘व्हीएइन्फो’ या आज्ञेच्या यादीत एच२६४ दिसलं की ड्रायव्हर बसला. लहान पडद्यावर ७२० पीच निवडा, डोळ्यांना फरक जाणवत नाही.

बॅटरी आणि झाकण

बॅटरी वाचवणारं ‘टीएलपी’ पॅकेज टाका, ते स्वतःच काम सुरू करतं. टाकताना ‘पॉवर-प्रोफाइल्स-डीमन’ काढलं जाणार असं दिसलं तर होकार द्या, दोन्ही एकत्र चालत नाहीत. ‘सुडो टीएलपी-स्टॅट -बी’ दिलं की बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. आताची निम्म्यावर आली असेल तर कोणतंही सेटिंग चमत्कार करणार नाही, बॅटरी बदला.

लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरलाच असेल तर ईटीसीमधल्या ‘टीएलपी.कॉन्फ’ फाइलमध्ये चार्ज सुरू होण्याची मर्यादा ७५ आणि थांबण्याची ८० अशी लावा. सतत १०० टक्क्यांवर आणि गरम राहिलेली लिथियम बॅटरी लवकर झिजते. ही सोय थिंकपॅड आणि इतर काही मालिकांवरच चालते. तुमच्या यंत्रावर आहे का, ते वरच्याच आज्ञेच्या शेवटी लिहून येतं.

झाकण बंद करून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम आणि रिकामा निघाला, तर तो हलक्या झोपेत जात असावा. ‘कॅट’ लिहून जागा सोडा आणि पुढे सिस फोल्डर, त्यातलं पॉवर, त्यातली ‘मेम_स्लीप’ फाइल असा पत्ता द्या. उत्तरात ‘एस२आयडल’ कंसात असेल आणि शेजारी ‘डीप’ दिसत असेल, तर गाढ झोप उपलब्ध आहे पण वापरात नाही. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाच्या) सेटिंग फाइलमध्ये ‘क्वाएट स्प्लॅश’ या शब्दांनंतर त्याच अवतरणचिन्हांच्या आत ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ लिहा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या. त्यानंतर लॅपटॉप झोपेतून उठलाच नाही तर ते शब्द काढून टाका, त्या यंत्राला हलकी झोपच मानवते. ‘डीप’ यादीतच नसेल तर बॅगेत ठेवताना पूर्ण बंद करा.

मराठी लिहिणं

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना भारतीय गटातला मराठी इनस्क्रिप्ट निवडा आणि भाषा बदलायची कळ ठरवा. इनस्क्रिप्टमध्ये ‘दऱ्या’सारखा शब्दही सरळ लिहिता येतो: ओ च्या कळीवर द, शिफ्टसह जे वर ऱ, डी वर हलन्त, तिरप्या रेघेच्या कळीवर य, ई वर काना. उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं दाबून लिहायची सवय असेल तर ‘आयबस-एम१७एन’ टाकून त्यातली मराठी आयट्रान्स पद्धत घ्या.

विंडोजवर मंगल फाँटमध्ये केलेली फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की ओळी आणि पानं सरकतात, कारण तो फाँट इथे नसतो आणि दुसरा वापरला जातो. फाइल दोन्हीकडे जाणार असेल तर दोन्हीकडे नोटो सान्स देवनागरी टाका आणि त्यातच लिहा.

लॉगिन होतच नसेल

पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर काळा होतो आणि परत लॉगिनचाच पडदा येतो. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे डिस्क काठोकाठ भरली आहे. डेस्कटॉपला सुरू होताना छोट्या तात्पुरत्या फाइली लिहाव्या लागतात आणि त्यांनाही जागा उरलेली नसते. अशा वेळी कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप होताना काहीच दिसत नाही, ते तसंच असतं. मग:

१. ‘डीएफ -एच’ द्या आणि ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरपी रेघ आहे तिचा टक्का बघा. १०० असेल तर निदान पक्कं.

२. ‘सुडो एपीटी क्लीन’ द्या. उतरवून ठेवलेल्या पॅकेजच्या फाइली जातात.

३. ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=१००एम’ द्या, यातला शेवटचा एम मात्र मोठ्या लिपीत. जुन्या नोंदी जातात, कधीकधी यातूनच जीबीभर जागा निघते.

४. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ द्या. जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि नको असलेली पॅकेजं जातात. यादी वाचा, मगच होकार द्या.

५. ‘सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट’ देऊन परतीचे बिंदू मोजा. जास्त साठले असतील तर ‘सुडो टाइमशिफ्ट --डिलीट’ने जुने काढा, सर्वांत नवा राहू द्या.

पुन्हा ‘डीएफ -एच’ बघा. दोन-तीन जीबी मोकळी झाली असेल तर ‘सुडो रीबूट’ द्या आणि नेहमीसारखं लॉगिन करा.